सुनेची पेटी

लिफ्टवाल्या काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोकांनी त्यांना लिफ्टमधून काही बाहेर येऊ दिलं नाही. शहरातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून दार बडवायची आणि काका बाहेरून थंडपणे म्हणायचे, "बडवू नका हो, त्याने ती खाली येणार आहे का?" तो आवाज ऐकूनच निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडायचा. आपल्या आवाजात असं काहीतरी आहे हे काकांनाही ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

मधमाश्या त्यांच्याकडे आल्या त्याही लिफ्टच्या वाटेनेच. ते राहायचे त्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची यंत्रखोली होती. एका सकाळी तिच्या दाराच्या चौकटीवर माश्यांचा भलामोठा थवा येऊन लोंबकळत बसला. शेजारीपाजारी रॉकेल, फवारा, आगीचा बंब असं ज्याला जे सुचेल ते बोलत होते. काका तेवढे उकिडवे बसून नुसते बघत राहिले. त्यांना कुठेतरी वाचलेलं आठवत होतं, की थव्यातली माशी सहसा चावत नाही, कारण तिच्याजवळ राखायला अजून घरच नसतं. त्यांनी खोक्याच्या फळ्या ठोकून एक पेटी केली, थवा हलकेच तिच्यात झटकला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या माश्या आत शिरल्या. त्या दिवसापासून काकांचा संसार दोन मजल्यांवर झाला. खाली काकू आणि वर माश्या. खालच्या मजल्याकडे त्यांचं लक्ष कमी आहे, असं काकूंचं कायमचं म्हणणं होतं.

पुढे एकाच्या पाच पेट्या झाल्या. नाक्यावरचा बेकरीवाला आधी मध विकत घ्यायला आणि मग शिकायला येऊ लागला. त्याच्यामागून आणखी लोक आले, आणि बघता बघता माश्या पाळणाऱ्यांचं एक छोटं मंडळ उभं राहिलं. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत काका नव्या लोकांना पहिले धडे द्यायचे. काकांना दोन गोष्टी मनापासून आवडत. एक म्हणजे माश्या, आणि दुसरी म्हणजे माश्यांबद्दल ऐकताना लोकांनी वासलेला 'आ'.

आणि सांगायचेही छान. "हे बघा, पेटीत राणी एकच. पण ती हुकूम सोडते असं समजू नका. अंडी घालायची, एवढंच तिचं काम. ती पेटीत आहे हे बाकीच्यांना तिच्या वासावरून कळतं, आणि तो वास आहे तोवर सगळं घर शांत. नर माश्या म्हणजे आपल्या घरातले जावई. खायचं, फिरायचं, आणि अन्न कमी पडलं की बाहेरचा रस्ता. बाकी सगळी कामकऱ्यांची फौज. कामकरी माशी जन्मल्याबरोबर आधी घर झाडते, मग पोरं सांभाळते, मग मेण काढून भिंती बांधते, मग दारावर पहारा देते, आणि सगळ्यात शेवटी, म्हातारपणी, बाहेर पडून फुलं धुंडाळते. आमच्याकडे मात्र म्हातारपणी माणसाला घरात बसवतात." इथे सगळे हसायचे. मग काका नियमांवर यायचे. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. अत्तर लावून यायचं नाही. आधी डब्यातला थोडा धूर द्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम: आतल्या पोळ्यांच्या चौकटी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, म्हणून पहिली चौकट काढायची ती कडेची. ती बाहेर ठेवली की जागा होते, मग मधल्या सैलपणे निघतात. मधली आधी ओढली तर माश्या दोन पोळ्यांमध्ये भरडल्या जातात, आणि त्यांत राणी असली तर संपलंच. "मधली आधी ओढणारा माणूस," काका बोट वर करून म्हणायचे, "माझ्या गच्चीवर परत येत नाही."

मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळ्यांनाही नीट न दिसणारे स्क्रू दिवसभर बसवून तिचा हात असा बसला होता, की ती गच्चीवर पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मनगटावर माशी बसूनसुद्धा ते हललं नाही. काकांना ती तिथेच आवडून गेली. मुलाने आयुष्यात कधी गच्चीचा जिना चढला नव्हता. काकांनी आपल्या सगळ्यात जोमदार पेटीतल्या काही चौकटी काढून सुनेला वेगळी पेटी मांडून दिली, तिला निळा रंग लावला आणि म्हणाले, "ही तुझी. हिचं बरंवाईट तू बघायचंस." सून रोज कामावर जाण्याआधी वर जाऊन पेटीच्या दाराशी नुसती बसून यायची. कुठल्या माशीच्या पायाला कुठल्या रंगाचा पराग आहे ते जेवताना सांगायची. मुलगा म्हणायचा, माझ्या शर्टाचा रंग विचार हिला, सांगता येणार नाही.

तर असं सगळं छान चाललेलं असताना तो रविवार आला.

दुसऱ्या गावच्या मंडळाची माणसं बघायला आली होती. बेकरीवाल्याने त्यांना काकांबद्दल इतकं सांगून ठेवलं होतं, की काकांची छाती शर्टात मावेना. गच्चीवर जाळीच्या टोप्या घातलेली डझनभर डोकी गोल करून उभी राहिली. काकांनी मुद्दाम सुनेची पेटी निवडली. माझ्या हाताखालची मुलगी काय तयार झाली आहे ते बघा, असं त्यांना दाखवायचं होतं. निदान सुरुवातीला तरी तसंच होतं.

पण धूर देऊन झाकण काढल्यावर काकांना राहवेना. पाहुणे वाकून बघत होते, बेकरीवाला कौतुकाने हसत होता. काका म्हणाले, "राणी दाखवू? आत्ता दाखवतो," आणि त्यांनी थेट मधल्या चौकटीला हात घातला.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "कडेची आधी ना?"

तिने चांगल्या मनाने विचारलं होतं. काही जणांनी ऐकलं. एक पाहुणा गालात हसला, किंवा काकांना तसं वाटलं. काकांचं टाळकं सरकलं.

"आता तू मला शिकवणार का?" ते म्हणाले, आणि त्यांनी चौकट ओढली.

चौकट अडली, मग झटका देऊन वर आली. पोळ्याच्या पृष्ठभागावर माश्यांचा चुरगळलेला पट्टा होता, आणि त्याच्या टोकाला राणी होती. लांबट, तांबूस पोटाची. तिचं पोट मागच्या बाजूला चेंगरलेलं होतं आणि दोन पाय हवेत काहीतरी शोधत होते. काकांनी ते पाहिलं, आणि त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. चौकट स्वतःकडे वळवली, अंगठ्याने राणीला खाली पेटीत लोटलं आणि चौकट परत खाली सोडली.

"दिसली राणी?" बेकरीवाल्याने विचारलं.

"दिसली. झकास आहे," काका म्हणाले. "पण आज माश्या जरा तापल्यात. राहू दे."

पाहुण्यांनी मान डोलावली. सुनेनेही डोलावली. ती म्हणाली, "चुकलंच माझं, मध्येच बोलले," आणि तिने स्वतःच्या हाताने झाकण लावलं. पाहुण्यांसाठी खाली चहा टाकलेला होता आणि काका चहाच्या दिशेने चालू लागले.

एका अर्थी काही बिघडलं नव्हतं. हे काका त्या दिवसभर स्वतःला समजावत राहिले आणि ते खोटंही नव्हतं. राणी गेली की वास विरतो, पेटीतला गुणगुणणारा आवाज बदलून रडवेला होतो, आणि कामकरी माश्यांना काही तासांत कळतं की आपण पोरक्या झालो. मग त्या रडत बसत नाहीत. अगदी कोवळ्या, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांपैकी काही निवडतात, त्यांच्याभोवती भुईमुगाच्या शेंगेएवढी मोठी घरं बांधतात आणि त्यांना वेगळं, पांढरं, घट्ट खाणं भरवत राहतात. त्याच खाण्याने साध्या अळीची राणी होते. काकांना एवढंच करायचं होतं, की काहीच करायचं नव्हतं. पेटी बंद ठेवायची. काही आठवड्यांत नवी राणी अंडी घालू लागली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी सुनेला सांगितलं, "थोडे दिवस उघडू नकोस तिला." का, ते सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आता सूनच ती. पेटीचं बरंवाईट तू बघायचंस असं तिला सांगितलेलं होतं, आणि तिने ते मनावर घेतलं होतं. आठवडा संपायच्या आत पेटीचा आवाज तिला वेगळा वाटू लागला. तिला वाटलं, माश्या थव्याने उडून जायच्या तयारीत आहेत. तसं होतं कधीकधी. पेटी गच्च भरली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते आणि मागे नव्या राणीसाठी घरं बांधून ठेवते. ती घरं फोडली की जाणं टळतं. हे काकांनीच शिकवलं होतं. शनिवारी दुकानाला अर्धी सुट्टी होती. ती वर गेली, कडेची चौकट आधी काढली, मग बाकीच्या, आणि तिने काकांना फोन लावला.

काका न्हाव्याच्या खुर्चीत होते. तोंडाला साबण, गळ्याभोवती फडकं, आणि रांगेत बसलेली चार माणसं कान टवकारून. न्हाव्यानेच फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

"बाबा, राणीघरं दिसतायत. चांगली मोठी आहेत. फोडू का?"

काकांच्या तोंडावरचा साबण वाळायला लागला.

"पण एक आहे," सून म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात की थव्याची घरं पोळ्याच्या खालच्या कडेला असतात. ही तर पोळ्याच्या मध्यावर आहेत. आणि अंडी कुठेच दिसत नाहीयेत मला. म्हणजे माझी नजर अजून बसली नसेल."

तिची नजर पक्की बसली होती. अंडी नव्हतीच. घरं पोळ्याच्या मध्यावर असतात ती राणी मेल्यावरच. शिकायला लागून वर्षही न झालेल्या मुलीने फोनवर त्यांना सगळा पुरावा वाचून दाखवला होता, फक्त निकाल तेवढा तिला माहीत नव्हता. काकांना माहीत होता. फोडू नकोस, एवढं म्हटलं की पुरत होतं. त्यावर ती विचारणार, का? मग म्हणणार, पण राणी तर झकास होती ना? रांगेतली माणसं बघत होती. न्हावी वस्तरा धरून थांबला होता.

"असतात कधीकधी मध्येही," काका म्हणाले. "फोड."

"सगळी?"

"सगळी."

फोन बंद झाला. न्हाव्याने वस्तरा लावला आणि म्हणाला, "काका, मान सैल सोडा. कसली ताठ धरलीय." काकांनी मान सैल सोडली. समोरच्या आरशात अर्ध्या साबणातलं तोंड त्यांच्याकडे बघत होतं. ते त्यांनी डोळे मिटून घालवलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, रविवारी, दोघांनी मिळून पेटी उघडली. काका नाही म्हणू शकले नाहीत. आत नवीन पिल्लं नव्हती. अंडं नाही, अळी नाही, पोळ्यांच्या रिकाम्या घरांमध्ये नुसत्या सैरभैर फिरणाऱ्या माश्या. त्यांतल्या एकीलाही आता राणी करता येणार नव्हती, कारण राणी करायला लागते ती कोवळी अळी पेटीत उरलीच नव्हती. आहेत त्या माश्या म्हाताऱ्या होणार आणि एकेक करून संपणार. एवढं तर सुनेलाही कळत होतं.

"राणी नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये."

"माझ्या हातून गेली का, बाबा? घरं फोडताना चौकटी खूप हलवल्या मी. तेव्हाच चेंगरली असेल."

बोलायची वेळ तीच होती. गच्चीवर तिसरं कुणी नव्हतं. जाळीमागून तिचा चेहराही नीट दिसत नव्हता. काकांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या त्या प्रसिद्ध, जीव भांड्यात पाडणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "शिकताना होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे काकांनी तिला माफ केलं. स्वतःच्या गुन्ह्याबद्दल, तिला.

त्या वाक्याची लाज त्यांना त्या क्षणी वाटली नाही, ती जिना उतरताना वाटली. मग ती घरातच राहायला आली. जेवताना मुलगा बायकोची थट्टा करायचा, "आमच्याकडे एक राणी होती, हिने पदच्युत केली." काकू म्हणायच्या, "गप रे, शिकताना होतं असं. तुझे बाबा बघ, एका शब्दाने बोलले नाहीत तिला." सून खाली मान घालून हसायची. काकांना घास गिळवत नसे. काकूंना वाटलं, पेटी गेल्याचं त्यांना वाईट वाटतंय. त्यांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, की सासऱ्यांसमोर माश्यांचा विषय काढू नकोस. सुनेने तो काढणं बंद केलं.

तिने टोपी धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवली. धुराचा डबा राख काढून पुसून काकांच्या खोलीत आणून दिला. काका म्हणाले, "अगं, पेटी अजून गेली नाही. माझ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट तिच्यात ठेवली की माश्या त्यातून राणी करतील. मी देतो ना."

"नको, बाबा. माझ्या हातात नको," ती म्हणाली. "दिवसभर दुकानात स्क्रू बसवते तर आता तिथेही हात अडखळतो. मी बेकरीवाल्यांना सांगितलंय, रविवारी येऊन घेऊन जातील. त्यांच्या पेटीत मिसळून टाकतील. निदान उरलेल्या माश्या तरी कुणाच्या कामी येतील."

काका तिच्या हातांकडे बघत राहिले. मनगटावर माशी बसली तरी न हलणारे हात. राणी मेली तो अपघात होता, पेटी संपत आली ती त्यांच्या एका शब्दाने, पण हे त्यांनी रोज थोडं थोडं केलं होतं, जेवणाच्या टेबलाशी बसून, मूग गिळून. आता रविवारपर्यंत बोलले नाहीत, तर पेटी तर जाणारच होती, आणि आपल्या हाताला गुण नाही हे ही मुलगी जन्मभर खरं मानणार होती. शुक्रवारी ते तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि पाण्याचा ग्लास मागून परत आले. शनिवारी तेवढंही झालं नाही.

रविवारी वाचनालयाच्या खोलीत नवी मंडळी बसली होती. सून बेकरीवाल्याला गच्चीची किल्ली द्यायला आली होती आणि मागच्या बाकावर टेकली होती. काकांनी राणीचं सांगितलं, नरांचं सांगितलं. जावयांवर लोक हसले. मग एका बाईंनी विचारलं, "राणीघरं दिसली की लगेच फोडायची का?"

काकांनी फळ्याकडे तोंड करून खडू शोधायला सुरुवात केली. खडू त्यांच्या हातातच होता.

मागून सुनेचा आवाज आला. "मी सांगू का?" ती उभी राहिली होती. "लगेच फोडायची नाहीत. आधी अंडी आहेत का ते बघायचं. मी बघितलं, दिसली नाहीत, तरी फोडली. आणि त्याच वेळी राणीही माझ्याकडून मेली असणार. माझी पेटी माझ्या चुकीने संपली. मला सांगायला बरं वाटत नाहीये, पण तुमच्यापैकी कुणाचं असं होऊ नये." तिचे कान लाल झाले होते. बाकाची कड तिने घट्ट धरून ठेवली होती.

एकाने वहीत लिहून घेतलं. ते लिहिलेलं बघून काकांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"थांबा, ते लिहू नका," ते म्हणाले. "राणी तिने नाही मारली. मी मारली."

मग त्यांनी सांगितलं. पाहुणे आले होते तो दिवस, मधली चौकट, सुनेने टोकलं ते, आपल्याला आलेला राग, अंगठा, आणि 'झकास आहे'. सांगताना त्यांचा आवाज पार गेला होता. मागच्या लोकांना ऐकू येत नव्हतं म्हणून पुढच्यांनी ते मागे पोचवलं, त्यामुळे काकांना प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकावी लागली. "पेटीत राणी आहे असं समजूनच बिचारीने पुढचं सगळं केलं," ते म्हणाले आणि खाली बसले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आधी बेकरीवाल्याने, मग सगळ्यांनी. "एवढं मोठं मन कुणाचं असतं हो?" बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला. "या वयात, एवढ्या लोकांत, स्वतःची चूक सांगायची म्हणजे..." प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी येऊन काकांचा हात हातात घेतला. काकांनी कसंनुसं हसून मान हलवली. फोनचं त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि टाळ्यांमध्ये माणूस काय सांगणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यांनी मागे बघितलं. सून टाळ्या वाजवत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, एखादा बारीक स्क्रू कुठे सुटलाय ते शोधताना बघावं तशी. मग तिने बेकरीवाल्याकडे जाऊन किल्ली परत मागितली.

घरी आल्याबरोबर काका गच्चीवर गेले. आपल्या पेटीतून भरगच्च अंड्यांची एक चौकट त्यांनी काढली, राणी तिच्यावर नाही याची चारचारदा खात्री केली आणि ती निळ्या पेटीशी नेली. सून जाळीची टोपी घालून आधीच तिथे उभी होती.

"एक विचारू, बाबा?"

"विचार."

"मी त्या शनिवारी फोन केला होता. घरं मध्यावर आहेत, अंडी नाहीत, म्हणून सांगितलं होतं. तुम्ही फोड म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. साबण होता, लोक होते, नीट ऐकू आलं नाही. काकांच्या डोक्यात ते सगळं तयार होतं.

"होतं," ते म्हणाले.

तिने मान हलवली. "त्या घरांमध्ये पांढऱ्या अळ्या होत्या. त्या खाण्यात लोळत होत्या. मी एकेक घर पट्टीने फोडलं, आणि मला वाटत होतं मी पेटी वाचवतेय."

काकांना तिच्याकडे बघवेना. हातातल्या चौकटीवरच्या माश्या त्यांच्या बोटांवरून चालत होत्या.

"मग हे तिथे का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं आणखी अवघड झालं.

"लाज वाटली गं."

"मलाही वाटली होती, बाबा," ती म्हणाली. "मी तरी उभी राहिले ना."

तिने त्यांच्या हातातली चौकट घेतली. हात हलला नाही. ती निळ्या पेटीवर वाकली आणि काका झाकण धरून बाजूला उभे राहिले, कारण आता तेवढंच काम त्यांच्याकडे होतं. जिन्यातून काकूंची हाक आली. त्यांचा आवाज आनंदाने फुलला होता.

"अहो, ऐकलंत का? बेकरीवाल्यांचा फोन आहे. तुमचं किती कौतुक करतायत. पुढच्या रविवारी नव्या लोकांसमोर परत चार शब्द बोलाल का म्हणून विचारतायत. माणसाने चूक कशी कबूल करावी, त्यावर. काय सांगू?"

काकांनी सुनेकडे बघितलं. ती चौकट खाली बसवत होती, माश्यांना बाजूला व्हायला वेळ देत. तिने वर बघितलं नाही.

"येतो म्हणून सांग," काका म्हणाले.

सुनेने हात पुढे केला. काकांनी झाकण तिच्या हातात दिलं, आणि तिने ते पेटीवर ठेवलं.

"मी पण येते," ती म्हणाली.